पुणे ते लंडन: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ स्वतः कसा काढावा

पुण्याहून लंडनचे विमान किती तासांचे, असे इंटरनेटवर विचारले तर अंतर सुमारे ७,३३० किलोमीटर आणि वेळ साडेआठ-पावणेनऊ तास, असे उत्तर क्षणात मिळते. यातले अंतर बरोबर आहे. वेळ मात्र अशा विमानाची आहे, जे पुण्याहून उडतच नाही. पहिल्यांदा परदेशी निघालेला विद्यार्थी किंवा मुलीच्या बाळंतपणाला निघालेले आईवडील हाच आकडा धरून गाडी सांगतात, सुट्टी टाकतात, पलीकडच्या माणसाला न्यायला बोलावतात आणि मग प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन तासांची चूक निघत जाते.

हा हिशेब मी स्वतः चुकत चुकत शिकलो आहे. त्यातली एक चूक पुढे सविस्तर सांगितली आहे, कारण ती करणारा मी एकटा नाही हे मला आता ठाऊक आहे. उदाहरण सर्वत्र लंडनचे घेतले असले, तरी पद्धत कोणत्याही शहराला लागू पडते.

आधी जवळ काय असावे

हिशेबासाठी: साइन-कोसाइन काढणारा कॅल्क्युलेटर (मोबाइल आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये तो दिसतो), कागद-पेन आणि शक्य असल्यास पृथ्वीगोल व दोरा. अप्पा बळवंत चौकात शालेय साहित्याच्या दुकानात मिळणारा साधा गोल पुरेसा आहे.

प्रवासासाठी: पासपोर्ट (परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेला बरा), व्हिसा, विमानतळांचे कोड आणि पीएनआर (आरक्षणाचा क्रमांक) असलेले तिकीट छापील स्वरूपात, मध्ये थांबा असल्यास त्या देशाच्या ट्रान्झिट (वाटेत विमान बदलण्याच्या) नियमांची खात्री, आणि जिथे उतरणार तिथला पत्ता व फोन कागदावर लिहिलेला. फोनची बॅटरी संपण्याची वेळ नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत येते, म्हणून कागदाचा आग्रह.

१. शहर नव्हे, विमानतळ ठरवा

अंतर दोन विमानतळांमधले मोजायचे असते. लंडन या एका नावाखाली हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत आणि ते शहराच्या निरनिराळ्या दिशांना आहेत. विमानाच्या अंतरात यामुळे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो उतरल्यानंतर, कारण ज्याला हीथ्रोजवळ राहायचे आहे त्याने स्वस्त तिकीट पाहून स्टॅनस्टेड घेतले, तर वाचलेले पैसे आणि दोन तास तिथेच जातात.

हीच काळजी आता आपल्या बाजूलाही घ्यावी लागते. पुण्याचा कोड पीएनक्यू, मुंबईचा बीओएम, हीथ्रोचा एलएचआर. पण ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाचा कोड वेगळा, म्हणजे एनएमआय आहे. पुण्याहून जाताना तो मुंबईच्या अलीकडे, पनवेल-उलव्याच्या बाजूला लागतो, त्यामुळे आपल्याला सोयीचा. मात्र तिकिटावर ‘मुंबई’ एवढेच वाचून सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, जाऊन उभे राहण्याची, किंवा देशांतर्गत विमानाने एका विमानतळावर उतरून पुढचे विमान दुसऱ्यावरून असण्याची शक्यता आता आहे. कोडची तीन अक्षरे बोट ठेवून वाचावीत.

२. नकाशावर पट्टी ठेवू नका

लंडनचे थेट विमान मुंबईहून सुटते, म्हणून येथून पुढे अंतर मुंबईपासून मोजू. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर रेषा इराक, तुर्कस्तान-सीरियाची सीमा अशी दक्षिणेकडून जाते. हा सर्वांत जवळचा मार्ग नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना नकाशा उत्तरेकडे ताणला जातो आणि कागदावरची सरळ रेषा प्रत्यक्षात वळणाची होते. शाळेच्या भूगोलात बृहत् वृत्त (गोलावर काढता येणारे सर्वांत मोठे वर्तुळ) शिकवले होते, तेच येथे कामाला येते: गोलावरील दोन बिंदूंमधले किमान अंतर त्या दोघांतून जाणाऱ्या बृहत् वृत्ताच्या कंसावर असते.

दोरा घ्या, त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर धरा आणि तो घट्ट ताणा. दोरा सौराष्ट्रावरून पाकिस्तानात, तिथून इराण, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन असा वर सरकत जर्मनीकडे जातो. आता तो पट्टीवर मोजा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर असतो आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. माझा दोरा १७ सेंटिमीटर भरला. सतराला ४२५ ने गुणले की ७,२२५ येतात. सूत्राने काढलेले उत्तर यापासून पंधरा किलोमीटरही दूर नाही, आणि हे शाळकरी मुलाला करून दाखवता येते.

दोरा कोणकोणत्या देशांवरून गेला ती यादी कागदावर उतरवून ठेवा. सहाव्या पायरीत ती लागेल.

३. सूत्राने अंतर काढा

ज्यांना दोऱ्यावर भरवसा नाही त्यांच्यासाठी सूत्र असे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत घ्या. पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याचा साइन, ही पहिली संख्या. पहिल्या अक्षांशाचा कोसाइन, गुणिले दुसऱ्याचा कोसाइन, गुणिले रेखांशांतील फरकाचा कोसाइन, ही दुसरी. दोन्हींची बेरीज करून तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन अंशांत मिळतो. त्याला १११.२ ने गुणले की किलोमीटर.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची वजाबाकी नव्हे, बेरीज होते: ७३.३२. पहिली संख्या ०.२५५८, दुसरी ०.१६९०, बेरीज ०.४२४८. कोन ६४.८६ अंश आणि अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर.

येथे दोन सापळे आहेत. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर उत्तर भलतेच येते. साइन ३० काढून पाहावे, ०.५ आले तर तो अंशांवर आहे. दुसरा सापळा एककांचा. काही संकेतस्थळे मैल दाखवतात, वैमानिकी संदर्भात सागरी मैल असतात, आणि घाईत वाचणारा सगळे किलोमीटरच समजतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हेच ७,२१० किलोमीटर साध्या मैलांत सुमारे ४,४८० आणि सागरी मैलांत सुमारे ३,८९० होतात, तेव्हा तीन ठिकाणी तीन आकडे दिसले म्हणून गोंधळू नये.

४. अंतरावरून उड्डाणाचा अंदाज

लांब पल्ल्याचे जेट विमान उंचीवर गेल्यावर तासाला साधारण ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. पण ते धावपट्टीपर्यंत रांगत जाते, चढायला वेळ घेते आणि उतरताना रांगेत फिरते. म्हणून मी अंतराला ८५० ने भागून त्यात अर्धा तास मिळवतो. या हिशेबाने पुणे-दुबईचे २,०५० किलोमीटर तीन तासांच्या किंचित आत बसतात, मुंबई-सिंगापूरचे ३,९१० पाच तासांच्या थोडे वर, मुंबई-फ्रँकफर्टचे ६,५७० सव्वाआठ तासांत आणि मुंबई-न्यूयॉर्कचे साडेबारा हजार सव्वापंधरा तासांत. मुंबई-लंडन नऊ तास.

हा फक्त अंदाज आहे. विमान कंपनीचे वेळापत्रक पाहिले की लंडनला जातानाचा वेळ याहून बराच जास्त आणि येतानाचा जवळपास एवढाच किंवा थोडा कमी दिसतो. त्याची कारणे पुढच्या दोन पायऱ्यांत आहेत.

५. वारा: जाताना जास्त, येताना कमी

मध्य अक्षांशांवर, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो अधिक जोर धरतो आणि ताशी २०० किलोमीटरच्या पुढेही जातो. लंडनला जाणारे विमान या वाऱ्याच्या तोंडावर चालते, परतणारे त्याच्या पाठबळावर.

हिशेब सोपा आहे. विमानाचा स्वतःचा वेग ९०० धरा आणि वाटेतला सरासरी वारा केवळ १०० धरा. जाताना जमिनीच्या मानाने वेग ८००, म्हणजे ७,२१० किलोमीटरला नऊ तास. येताना १,०००, म्हणजे सव्वासात तासांहून थोडे कमी. एवढा वारा संपूर्ण वाटेवर क्वचितच असतो, तरी दोन दिशांच्या वेळांत तासा-दीडतासाचा फरक नेहमीचा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान वाऱ्यावर स्वार होऊन पाच तासांच्या आत लंडनला पोहोचले होते. एरवी त्या वाटेला सहा-सात तास लागतात.

वाऱ्यासाठी मुद्दाम लांबचा रस्ताही धरला जातो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, वेळ मात्र कमी झाला. घाट टाळून लांबून पण मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्या आपल्या ड्रायव्हरचे गणित यापेक्षा वेगळे नसते.

६. वळसा: कोणत्या देशाचे आकाश बंद आहे

आता दोऱ्याखालच्या देशांची यादी काढा. पाकिस्तानचे आकाश फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये खुले झाले. २४ एप्रिल २०२५ पासून ते पुन्हा भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद करण्यात आले. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. इराणचे आकाश खुले की बंद, हे तिथल्या तणावावर अवलंबून असते. म्हणजे आपला ताणलेला दोरा कागदावर कितीही बरोबर असला, तरी प्रत्यक्षात त्यावरून अखंड उडता येत नाही. विमान अरबी समुद्रावरून किंवा तुर्कस्तानवरून वळसा घेते आणि ७,२१० किलोमीटरची वाट लांबते.

नवख्या प्रवाशाने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की पाकिस्तानची २०२५ मधली बंदी भारतीय विमानांना होती, सर्वांना नव्हती. त्यामुळे त्याच मुंबईहून त्याच लंडनला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळांत फरक दिसला, तर ती छपाईची चूक समजू नये. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना हा वळसा मुंबईपेक्षा अधिक जाचतो. उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही भारतीय विमानांना तर २०२५ मध्ये युरोपात उतरून इंधन घ्यावे लागले. तिकीट सहा महिने आधी काढले असेल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी वेळ पुन्हा तपासावी.

७. तिकिटावरच्या वेळा: दोन घड्याळे, दोन तारखा

सर्वाधिक घोळ येथे होतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचावी. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. त्यांची थेट वजाबाकी करायची नसते.

समजा, जानेवारीत विमान मुंबईहून ०२:१५ ला सुटते आणि लंडनला ०७:१० ला पोहोचते. सरळ वजाबाकी केली तर पाच तासही होत नाहीत. परतीचे विमान लंडनहून २१:३० ला सुटून दुसऱ्या दिवशी मुंबईला ११:५० ला येते. वजाबाकी चौदा तास वीस मिनिटे. दोन्ही उत्तरे चूक आहेत. मी एकच नियम पाळतो: सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत लिहायच्या. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. लंडनचे ०७:१० म्हणजे आपले १२:४०. त्यातून ०२:१५ वजा केले की दहा तास पंचवीस मिनिटे. परतताना लंडनचे २१:३० म्हणजे आपल्याकडे उजाडायच्या आतले ०३:००. तिथून ११:५० पर्यंत आठ तास पन्नास मिनिटे. हे तास विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचे असतात, निव्वळ हवेतले नसतात.

फरकाचा आकडा मात्र वर्षभर सारखा नसतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटन आणि युरोपातील घड्याळे एक तास पुढे होतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे येतात. म्हणून उन्हाळ्यात लंडन साडेचार तास मागे, जर्मनी साडेतीन तास मागे. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. दुबई बाराही महिने दीड तास मागे आणि सिंगापूर अडीच तास पुढे, त्यांची घड्याळे हलत नाहीत. सिडनीत उन्हाळा आपल्या हिवाळ्यात असतो, त्यामुळे तिथे हे सगळे उलटे. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या या आठवड्यांत प्रवास असेल, तर आदल्या वर्षी कोणी सांगितलेला फरक वापरू नये.

आता तारीख. माझी धाकटी बहीण उन्हाळ्यात लंडनहून येणार होती. तिकिटावर आगमन ‘शुक्रवार, १५ तारीख, ००:४०’ असे होते. मी ते व्यवस्थित वाचले, कॅलेंडरवर शुक्रवारच्या चौकोनात ‘रात्री साडेबारा’ असे लिहिले, शुक्रवारी संध्याकाळी निघायचे म्हणून ड्रायव्हरला सांगितले आणि गुरुवारी रात्री कोथरूडच्या घरी स्वस्थ झोपलो. दीड वाजून गेल्यावर फोन वाजला. “दादा, मी बाहेर आलेय, तू कुठल्या गेटपाशी उभा आहेस?” मी पलंगाच्या कडेशी उभा होतो. शुक्रवारचे ००:४० म्हणजे गुरुवारची रात्र मध्यरात्र ओलांडून गेली ती वेळ, हे मला त्या क्षणी समजले. ड्रायव्हर फोन उचलेना, तेव्हा स्वतःच गाडी काढली. पहाटे पावणेपाचला सहारला पोहोचलो, तेव्हा ती दोन बॅगांवर पाय टाकून बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. थर्मासमधला चहा पुढे केला. तो तिने घेतला, पण लोणावळ्यापर्यंत बोलली नाही.

म्हणून मध्यरात्र ते पहाटे चार या दरम्यानची वेळ दिसली की ती दोन वार जोडून लिहा: ‘गुरुवारची रात्र उलटून, शुक्रवारी पाऊण वाजता’. आपल्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो अशी मनाची सवय आहे. विमान कंपनीचा मध्यरात्री बदलतो. आपल्याकडून सुटणारी अनेक परदेशी विमाने नेमकी याच वेळेत असतात, तेव्हा हा सापळा जातानाही तितकाच लागू आहे. १५ तारखेच्या ०२:१५ च्या विमानासाठी १४ तारखेला संध्याकाळीच घर सोडायचे असते. तिकिटावर वेळेपुढे बारीक ‘+१’ छापलेले असेल, तर आगमन दुसऱ्या दिवशीचे आहे. ही खूण नजरेतून सहज सुटते.

८. मध्ये थांबा असेल तर

दुबईमार्गे लंडनला गेले तर अंतर खूप वाढत असेल, असे वाटते. काढून पाहा: मुंबई-दुबई १,९३०, दुबई-लंडन ५,५००, बेरीज ७,४३०. थेट वाटेपेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त. वेळ मात्र दोनदा चढण्या-उतरण्याचा पाऊण तास आणि वर थांब्याचे दोन, चार किंवा नऊ तास असा वाढतो. संकेतस्थळावर ‘एकूण कालावधी’ म्हणून जो आकडा असतो, त्यात थांबा धरलेला असतो. त्याला विमानातला वेळ समजू नये.

पुणेकराच्या दृष्टीने येथे एक विचार करण्याजोगा पर्याय निघतो. पुण्याच्या विमानतळाची, म्हणजे लोहगावची, धावपट्टी हवाई दलाची आणि सुमारे अडीच किलोमीटर लांबीची आहे, त्यामुळे पूर्ण इंधन भरलेले मोठे विमान तिथून युरोपला नेणे अवघड आहे. पण दुबईसारख्या जवळच्या ठिकाणची विमाने लोहगावहून मिळतात. जुलै २०२४ पासून नवे टर्मिनलही सुरू झाले आहे. घर ते लोहगाव एक तास, आधी पोहोचण्याचे तीन, दुबईपर्यंत तीन, थांबा चार, पुढे सव्वासात आणि लंडनमध्ये बाहेर पडून घरी जायला तीन: सव्वाएकवीस तास. मुंबईहून थेट जाण्याचा हिशेब पुढच्या पायरीत साडेवीस येतो. पाऊण तासाच्या बदल्यात घाट, टोल आणि रात्रीची टॅक्सी वाचते. ज्येष्ठ मंडळींसाठी मी हाच मार्ग सुचवतो, एका अटीवर: दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असावीत.

ही अट सोडू नये. माझ्या भाच्याने दोन वेगळी स्वस्त तिकिटे जोडून दुबईत अडीच तासांची वेळ ठेवली होती. पहिले विमान दीड तास उशिरा निघाले. तिकिटे वेगळी असल्यामुळे पुढच्या कंपनीच्या लेखी हा प्रवासी केवळ आलाच नव्हता. सामानही पुढे जात नाही. ते घेऊन पुन्हा जमा करावे लागते आणि त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे तिथला व्हिसा. काही देशांत तर विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो. हे त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहावे, ओळखीच्या माणसाच्या आठवणीवर सोडू नये.

९. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

शेवटचा हिशेब घरापासून करायचा. कोथरूड ते सहार सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि त्यातला ९५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग हा सोपा भाग आहे. वेळ खातात ते चांदणी चौक-वाकडचा पट्टा, बोरघाट आणि वाशीच्या पुढची मुंबई. रात्री तीन तासांत होणारे अंतर संध्याकाळी चार तास घेते. रविवारी संध्याकाळी मुंबईकर परतत असतात तेव्हा पाचही. पावसाळ्यात घाटात दरड येते. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ ती वाहनांवर पडली होती. जून ते सप्टेंबर या काळात आणि गणपतीच्या दिवसांत मी दीड तास जास्त धरतो आणि तो वाया गेला तर विमानतळावर बसून काढतो.

आता सगळे एका कागदावर, भारतीय वेळेत. घर सोडले १९:००, विमानतळ २३:००, विमान ०२:१५, लंडनला उतरले १२:४०, इमिग्रेशन आणि सामान होऊन बाहेर १४:१०, तिथल्या घरी १५:३०. एकूण साडेवीस तास. त्यांपैकी विमानाचे दहा तास पंचवीस मिनिटे. इंटरनेटने मात्र पावणेनऊच सांगितले होते. चेक-इन काउंटर सुटण्याच्या तासभर किंवा त्याहूनही आधी बंद होते, म्हणून ‘०२:१५ चे विमान’ ही वेळ डोक्यातून काढून ‘०१:०० ला बंद होणारे काउंटर’ ही ठेवावी.

१०. कोणाला आणायला जाणार असाल तर

विमान प्रत्यक्ष सुटल्याशिवाय पुण्यातून गाडी हलवू नका. विमानाचा क्रमांक टाकून ते कुठे आहे हे फोनवर दिसते. पूर्वेकडे येताना वाऱ्यामुळे ते अर्धा तास लवकरही उतरते, तेव्हा तिकिटावरची वेळ न धरता फोनवर दिसणारी अंदाजित वेळ धरावी आणि उतरण्याच्या तीन तास आधी निघावे. उतरल्यावर इमिग्रेशन, पट्ट्यावरचे सामान आणि ट्रॉली शोधणे यांत तासभर जातोच; चाके धावपट्टीला टेकतात तेव्हा तुमची गाडी वाशीच्या खाडीपुलावर असली, तरी वेळेवर पोहोचता.